लिटल रॉकला शिफ्ट होतोय, मुलीला सेंट्रल हायस्कूलला घालावं का?

नेहा_के:
नमस्कार मंडळी, जुलैत आम्ही ऑस्टिनहून आर्कान्सातल्या लिटल रॉकला शिफ्ट होतोय, मुलगी नववीत जाणार. जे घर आवडलंय ते सेंट्रल हायस्कूलच्या झोनमध्ये येतं, पण ज्याला विचारावं तो म्हणतो पश्चिमेकडे घर बघा नाहीतर प्रायव्हेटला किंवा चार्टरला (सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार वेगळा असलेली शाळा) घाला, आणि का म्हणून विचारलं की कोणी नीट सांगत नाही. लेकीला नाव सांगितलं तर म्हणाली, आई, ती सैनिक आले होते तीच शाळा? तेव्हापासून वाचतेय आणि जास्तच गोंधळलेय. एवढं सगळं घडलं तिथे रोजची शाळा कशी चालत असेल? कोणी राहिलंय का तिकडे?

अविनाश_बेंटनव्हिल:
नेहाताई, आम्ही ११ वर्षं लिटल रॉकला काढली, मुलगा सेंट्रललाच होता. शाळा मोठी आहे, दोन हजारांच्या वर मुलं, एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय भरपूर, आणि त्याच्या ग्रुपमध्ये सगळ्या रंगाची, सगळ्या परिस्थितीतली मुलं होती. मला विचाराल तर खुशाल घाला.
आता ते 'पश्चिमेकडे बघा'. हा सल्ला आजचा नाही हो. १९५७ ला तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या सेंट्रलमध्ये पहिली ९ कृष्णवर्णीय मुलं गेली, राज्याचे गव्हर्नर फॉबसनी त्यांना अडवायला नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचे सैनिक उभे केले, मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी मुलांना आत न्यायला लष्कराची १०१वी एअरबोर्न तुकडी पाठवली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वर्षी शहराच्या सधन गोऱ्या वस्तीत हॉल हायस्कूल नवीन उघडलं, तिथे फक्त गोरी मुलं, म्हणजे बड्या घरची पोरं तिकडे आणि एकत्र शिकायचा सगळा ताण सेंट्रलमधल्या साध्या नोकरदार घरांवर. तेव्हापासून घर घेताना लोक शाळा बघतात की शाळेतली माणसं बघतात, हा प्रश्न या गावात आहेच.

शुभांगी_सातारा:
नेहा, मी निवृत्त शिक्षिका, मुलगा तिकडे असताना ४ महिने राहून आले. शाळेसमोर नॅशनल पार्कवाल्यांचं केंद्र आहे, आधी बुकिंग केलं तर रेंजर शाळा दाखवतात, आत वर्ग भरलेले असतात म्हणून असंच शिरता येत नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढच्या वर्षाचं. १९५८-५९ ला गावातली चारही सरकारी हायस्कूलं वर्षभर बंद ठेवली, एकत्र शिकण्यापेक्षा शिकूच नका म्हणून, ३६६५ मुलं घरी. आणि शिक्षकांचे करार चालू, त्यामुळे ते रोज येऊन रिकाम्या वर्गात बसायचे. फुटबॉलचे सामने मात्र झाले. मी ३१ वर्षं शिकवलंय गं, समोर बाक रिकामे आणि आपण तिथे बसून राहायचं हे ऐकून मला बाहेर येऊन बसावं लागलं. पुढे मे ५९ मध्ये स्कूल बोर्डातल्या काहींनी ४४ शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढायचा घाट घातला तेव्हा गावातले लोकच उठले, बायका तर आधीपासून शाळा उघडा म्हणून संघटना काढून लढत होत्या, मतदान झालं, ३ मेंबर घरी गेले आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या.

मयूर_डी:
डनबर पण बघून या. १९२९ ला कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेलं हायस्कूल, खर्च ४ लाख डॉलर, त्यातही रोझेनवाल्ड फंड या कृष्णवर्णीयांच्या शाळांना मदत करणाऱ्या धर्मादाय संस्थेचे पैसे. दोनच वर्षं आधी सेंट्रलवर १५ लाख लावले होते. आज ते मिडल स्कूल आहे. अजून एक, २०१५ ला राज्याने अख्खा स्कूल डिस्ट्रिक्टच (गावातल्या सरकारी शाळांचा कारभार) ताब्यात घेतला होता, आणि २०२० ला जुनी दोन हायस्कूलं मिळून साउथवेस्ट हायस्कूल झालं, त्यामुळे जुने रिव्ह्यू वाचून काही ठरवू नका, झोनचा नकाशा डिस्ट्रिक्टकडूनच घ्या.

नेहा_के:
अविनाशदादा, काकू, मयूर, खूप आभार. काकू, तुमचं लेकीला वाचून दाखवलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली त्या ९ जणांतलं सगळ्यात आधी कोण पास झालं. अर्नेस्ट ग्रीन, मे १९५८, समारंभाला मार्टिन ल्युथर किंग येऊन बसले होते, हे तिनेच शोधून मला सांगितलं. पुढच्या महिन्यात घर बघायला जातोय तेव्हा रेंजरची टूर बुक करतेय. दादा, स्कूलबस त्या झोनमध्ये किती लांबपर्यंत येते?