‘न्यूनगंड’ की ‘हिणवणे’: रंगरूपाविषयी लिहिताना नेमका शब्द कोणता?

विचारणा (मिरज): रंगावरून स्थळे नाकारली गेलेल्या मुलीच्या मनःस्थितीला सर्रास ‘न्यूनगंड’ म्हटले जाते, ते योग्य आहे काय? शिवाय ‘निमगोरी’ म्हणजे नेमका कोणता रंग?

प्रतिसाद (सांगली): ‘गंड’ म्हणजे गाठ, ‘गंडमाळ’मधला गंड तोच. व्हिएन्नाचे आल्फ्रेड ॲडलर यांनी १९०७ मध्ये शरीरातील उणीव आणि ती भरून काढण्याची धडपड यांवर लिहिले, आणि पुढे त्यांच्याच विचारातून न्यूनगंडाची कल्पना सर्वत्र रुजली. आपल्या वापरात मात्र एक सोयीस्कर गोष्ट घडते. ‘तिला न्यूनगंड आहे’ एवढेच म्हटले, की कांदेपोहे संपवून ‘मुलगी शिकलेली आहे, पण रंगाने जरा डावी’ असा शेरा मारून गेलेली मंडळी वाक्यातून अलगद निसटतात आणि दोष तेवढा मुलीच्या मनात उरतो. ‘हिणवणे’ या क्रियापदाला कर्ता लागतोच. म्हणून ‘पाहुण्यांनी रंगावरून हिणवले, त्यातून न्यूनगंड आला’ असे पुरे वाक्य लिहावे. झोप उडाली, जेवण तुटले, घराबाहेर पडणे थांबले, अशी अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली तर ‘नैराश्य’ म्हणावे आणि डॉक्टरांकडे जावे. तेथे शब्दांचा काथ्याकूट नको.

‘निमगोरी’तला ‘निम’ हा ‘निमसरकारी’तलाच, म्हणजे अर्धा. हा शब्द रंग सांगत नाही, गोऱ्यांत गणले जाण्याची आस सांगतो. ‘निमकाळी’ कोणी लिहीत नाही, हे पुरेसे बोलके आहे.

प्रतिसाद (कराड): यात ‘रापलेला’ हा शब्द जोडावासा वाटतो. आमच्याकडे उसाच्या फडात टोळीतल्या बाया साडीवर पुरुषी सदरा चढवतात, तोंडाला फडके बांधतात, तरी हंगाम सरेपर्यंत मनगटे आणि डोळ्यांभोवतीची कातडी रापतेच. ‘उजळ’ आणि ‘रापलेली’ या शब्दांतून सावलीत कोण बसते आणि उन्हात कोण राबते, हेच बहुधा कळते. रंगावरून जात ताडण्याची खोडही त्यालाच चिकटलेली आहे. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. बायोडाट्याच्या छापील नमुन्यात मात्र ‘वर्ण’ ही ओळ अजून असते, आणि ती कोरी सोडली तर मध्यस्थ फोन करून विचारतात.