मधमाश्यांआधी भुंगेरेही होते
फुलझाडं पसरली ती मधमाश्यांमुळे, हे म्हणणं मला अपुरं वाटतं. भुंगेऱ्यांचा वाटाही मोठा आहे. म्यानमारमधल्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे झाडाच्या घट्ट होऊन जीवाश्म बनलेल्या राळेत, 'अँजिमोर्डेला बर्मिटिना' हा भुंगेरा सापडला. २०१९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. अंगावरच्या बारीक केसांत चक्क ६२ परागकण अडकलेले! तेही फुलझाडांचे, तीन खाचा असलेले. दगडातल्या जीवाश्मांत बहुधा टणक पंखच उरतात. राळेने केससुद्धा जपले, म्हणून किडा आणि त्याचं काम एकत्र दिसलं. किती विलक्षण पुरावा आहे हा! मात्र राळेत झाडांवर वावरणारे लहान कीटकच जास्त अडकतात, त्यामुळे अंबरावरून त्या काळच्या सगळ्याच भुंगेऱ्यांचा अंदाज बांधता येत नाही.