मास्टर्सचा उन्हाळा ही सुट्टी नव्हे

ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर काम करण्याला आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, ती फक्त टर्म (शैक्षणिक सत्र) चालू असताना, सुट्टीत पूर्णवेळ काम चालतं, असं सांगितलं जातं. बरोबर आहे, पण एका वर्षाच्या मास्टर्सला आलेल्यांनी इथे फार जपायला हवं. उन्हाळ्यात वर्ग नसले तरी प्रबंधाचं काम सुरू असतं, त्यामुळे तो काळ सहसा टर्ममध्येच धरतात. पदवीची मुलं मात्र तेव्हा बिनधास्त पूर्णवेळ काम करत असतात आणि त्यांचं बघून बाकीचे फसतात. टर्मच्या तारखा विद्यापीठाकडून लेखी घ्या, मालकाच्या शब्दावर विसंबू नका, कारण पणाला तुमचा व्हिसा लागतो.

आठवडाही सोमवार ते रविवार असाच मोजतात. या आठवड्यात २५ आणि पुढच्या आठवड्यात १५ अशी सरासरी चालत नाही, आणि बिनपगारी कामाचे तासही त्यात धरले जातात.