‘गुऱ्हाळघर’ची पाटी आणि गुळाचा खोका: ऱ्ह, ॥ आणि ऽ नीट कसे आणायचे?

काकवी_करवीर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळासाठी दोन कामं हातात आहेत. पहिलं म्हणजे रस्त्याकडेची पाटी, आठ फूट रुंद, दोन फूट उंच, त्यावर एकच शब्द: गुऱ्हाळघर. दुसरं म्हणजे एक किलोच्या रव्यासाठी, म्हणजे गुळाच्या ढेपेसाठी, खोका. त्यावर सगळ्यात वर ‘॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥’, मधोमध ‘गुऱ्हाळघर’ आणि खाली ‘चाखून तर बघाऽ!’ असं लिहायचं आहे.

अडचणी अशा. एका संगणकावर ‘ऱ्ह’ छान दिसतो, पण तीच फाइल छपाईवाल्याकडे उघडली की ‘र’खाली टिंब आणि पाय मोडल्याची खूण उघडी पडते, ‘ह’ वेगळा उभा राहतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या मजकुरात तर ‘गुर्हाळ’ झालं. ‘॥’ ऐवजी दोन उभ्या रेघा आल्या आहेत, त्या ओळीच्या खाली लोंबतात. ‘बघाऽ’ मधला ऽ कुणीतरी इंग्रजी एस टाकून भागवला आहे. आणि ॲक्रिलिकची नमुना अक्षरं कापून आणली, तर शिरोरेषेवर जिथं दोन अक्षरं भेटतात तिथं आरपार काप.

पाटी रंगवून घ्यावी की अक्षरं कापून लावावीत, हेही अजून ठरलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

---

जुळारी

आधी ऱ्हचं बघू, कारण बाकी सगळं दिसण्यापुरतं आहे, पण हा उच्चाराचा प्रश्न आहे. रफार आणि ‘ऱ्ह’मधली ही आडवी रेघ मराठीत दोन वेगळे आवाज दाखवतात. ‘आचार्यांना नमस्कार सांगा’ आणि ‘आचाऱ्यांना नमस्कार सांगा’ यांत पहिला नमस्कार गुरूंना जातो आणि दुसरा स्वयंपाक्यांना. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. रफारानं मागच्या अक्षरावर जोर येतो, या रेघेनं येत नाही. म्हणून ‘गुर्हाळ’ छापलं तर शब्द वाचताना अडखळतो, आणि कोल्हापुरात तो शब्द चुकवून चालणार नाही.

हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं. एक जुनी पद्धत: साधा र, मग हलन्त (पाय मोडल्याची खूण), मग न दिसणारा जोडक (युनिकोडमधला त्याचा क्रमांक यू+२००डी), मग ह. दुसरी पद्धत: ऱ (यू+०९३१), हलन्त, ह. दोन्ही पडद्यावर सारखंच दिसतात, म्हणून फसगत होते. पहिल्या पद्धतीतला तो न दिसणारा जोडक मजकूर इकडून तिकडे नेताना, एखाद्या अर्जात चिकटवताना किंवा ‘स्वच्छ’ करताना गळतो. तो गळला की उरतं र, हलन्त, ह, म्हणजे सरळ रफार. तुमच्या व्हॉट्सॲपच्या मजकुरात बहुधा हेच झालंय. म्हणून नेहमी दुसरी पद्धत वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट+जे, मग डी, मग यू दाबलं की ऱ्ह येतो. ऱ्य हवा असेल तर शेवटी यूच्या जागी तिरक्या रेघेची कळ. वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९३१ टाइप करून ऑल्ट+एक्स दाबलं तरी ऱ मिळतो.

छपाईवाल्याकडे टिंब आणि हलन्त उघडं पडतंय, त्याचं कारण वेगळं. तिथं मजकूर बरोबर आहे, पण एकतर फॉन्टमध्ये ऱ्‌चा आकार नाही किंवा सॉफ्टवेअर जोडाक्षरं जुळवत नाही. कोरल ड्रॉ असेल तर एक्स-सिक्स (२०१२) किंवा त्यानंतरचं हवं. त्याआधीच्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी धड जुळत नाही. इलस्ट्रेटर असेल तर प्रेफरन्सेस, टाइप, शो इंडिक ऑप्शन्सवर खूण करा आणि मग परिच्छेदाच्या पॅनेलमधून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडा. इनडिझाइनमध्ये त्यालाच वर्ल्ड-रेडी कंपोझर म्हणतात. फक्त फॉन्ट बदलत बसू नका, कंपोझर चुकीचा असेल तर चांगला फॉन्टही वेलांटी भलत्या जागी टाकतो.

फॉन्ट निवडण्याआधी ही ओळ त्यात टाकून बघा: गुऱ्हाळ दऱ्या ॲसिड वाङ्मय दुःख हृदय ब्राह्मण उद्ध्वस्त बघाऽ ॥ ल श ळ. वाङ्मयात ङचं टिंब गायब असेल, हृ चा हु सारखा दिसत असेल, ॲच्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ येत असेल, तर तो फॉन्ट सोडा. ॲसाठी स्वतंत्र अक्षर आहे, यू+०९७२. अ आणि अर्धचंद्र असे दोन तुकडे जोडू नका, ते वर्तुळ त्यानंच येतं.

मराठी वळणाचे ल आणि श हवेत, हेही सांगतो. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीसाठी ठरले आहेत. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ते थेट मिळतात. ‘नोटो सान्स देवनागरी’त मजकुराची भाषा मराठी अशी नेमली तरच येतात, नाहीतर हिंदी वळण दिसतं. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, खोक्यावर छापायला पैसे लागत नाहीत.

---

उद्यमनगर_कटिंग

शिरोरेषेवर आरपार काप पडतो, कारण फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणजे मधे फट दिसत नाही. छापताना ते कळत नाही. कर्व्ह केल्यावर, म्हणजे मजकुराच्या नुसत्या बाह्यरेषा केल्यावर, मात्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी राहते आणि यंत्र ती प्रामाणिकपणे कापतं.

कोरलमध्ये कंट्रोल+क्यूनं कर्व्ह करा, कंट्रोल+के नं सुटं करा, मग सगळं निवडून वेल्ड, म्हणजे सगळ्याची मिळून एकच बाह्यरेषा. कंबाइन करू नका! कंबाइन केलं की चढलेल्या जागी पांढरी खिडकी पडते. एक काळजी घ्या: सुटं केल्यावर घ, ळ यांची पोटं वेगळी होऊन वेल्डमध्ये भरून जाऊ शकतात. तसं झालं तर सुटं न करता एकेक अक्षर वेगळं टाइप करून कर्व्ह करा आणि मग वेल्ड करा. शेवटी व्ह्यूमधून वायरफ्रेम लावून बघा. संपूर्ण शब्दाची बाहेरची रेघ अखंड एकच दिसली पाहिजे.

दुसरं, शब्दाला ट्रॅकिंग देऊ नका. अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि वेल्डला जोडायला काही उरत नाही. शब्द रुंद हवा असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्या.

ऱ्ची रेघ कापकामात सगळ्यात नाजूक. पाच मिलिमीटर ॲक्रिलिकमध्ये ती कमीत कमी आठ मिलिमीटर रुंद ठेवा, नाहीतर लावताना मुळातून मोडते. एक नोड (बाह्यरेषेवरचा बिंदू) पकडून तिचं ‘ह’कडचं टोक ‘ह’च्या अंगात दोन-तीन मिलिमीटर घुसवा आणि मग वेल्ड करा, दोन्ही टोकांनी धरली की टिकते.

---

काकवी_करवीर

ऱ्ह झाला! साठवण दुसऱ्या पद्धतीची केली आणि छपाईवाल्यानं कंपोझर बदलला. वेल्डही जमलं. आता पाटी रंगवून घेण्याकडे कल आहे. त्याबद्दल कुणी सांगेल का? आणि ‘॥’ आणि ‘ऽ’ राहिलेच.

---

खडूचा_दोरा

रंगवाच. एकच शब्द, आठ फूट पाटी, हातानं काढलेल्या अक्षराला वाव आहे.

देवनागरी ओळीचे तीन मजले असतात: शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्या, मधे अक्षराचं अंग, खाली उकार. साधारण २, ५, २ असं माप धरतात. तुमची पाटी २४ इंच, वर-खाली तीन-तीन इंच सोडले की १८ उरले, म्हणजे एक भाग दोन इंचांचा. वर चार, अंग दहा, खाली चार. पण ‘गुऱ्हाळघर’ नीट बघा. शिरोरेषेच्या वर एकही खूण नाही! वरचा मजला रिकामा आणि खाली फक्त एक उकार. माप जसंच्या तसं धरलं तर शब्द पाटीत खाली बसल्यासारखा दिसेल. म्हणून शिरोरेषा वरून सात इंचांवर न मारता पाच इंचांवर मारा, अंग बारा इंचांचं करा, उकाराला चार राहतात. त्या वरच्या पट्टीत मधोमध लहान ‘॥ श्री ॥’ बसवलात तर जागा कामी येते.

शिरोरेषेसाठी खडूचा दोरा ताणून एकदाच टिचकी मारा. दोनदा मारली की दोन रेघा उमटतात आणि ब्रश कुठली धरायची ते विसरतो. उभ्या दांड्याची जाडी दोन इंच धरली तर शिरोरेषा दीड इंच पुरे. आडवी रेघ डोळ्याला जाड भासते, सारखी ठेवली तर शब्दावर फळी ठेवल्यासारखं दिसतं.

आता वळणाचं. बोरूची जीभ देवनागरीसाठी इंग्रजीच्या उलट कापतात. टोकाची कड डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशी पडते, त्यामुळे ‘व’च्या पोटाला जाडी डावीकडे वरच्या बाजूला आणि उजवीकडे खालच्या बाजूला येते. चपटा ब्रशही तसाच तिरका धरायचा आणि हात फिरला तरी ब्रश मनगटात फिरू द्यायचा नाही. ब्रश उलटा धरला तर अक्षर वाचता येतं, पण परक्या हाताचं वाटतं. ‘ळ’च्या दोन पोटांत हे लगेच उघड होतं. दोन्ही पोटं समान करू नका, डावं किंचित मोठं ठेवा, अक्षर तोलात उभं राहतं.

सगळ्यात मोठी धास्ती ‘घ’ची. ‘घ’वर शिरोरेषा अखंड हवी. तिथं डावीकडे जराशी फट पडली की ‘ध’ वाचला जातो आणि पाटीवर ‘गुऱ्हाळधर’ होतं. म्हणून घ आधी कोळशानं काढून दहा पावलं मागं जाऊन बघा, मगच रंग.

---

बोरूटाक

विरामचिन्हांचं मी घेतो, फार जिव्हाळ्याचा विषय आहे. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही आपल्याकडे इंग्रजीतून आली, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी ती मराठीत रुजवली. दंड आणि अवग्रह मात्र घरचे.

‘॥’ ला स्वतःचं अक्षर आहे, यू+०९६५. एकेरी दंड ०९६४. कळफलकावरची उभी रेघ वापरू नका, ती अक्षराच्या वरही जाते, खालीही लोंबते आणि दोन रेघांतलं अंतरही जास्त असतं. खरा दुहेरी दंड अक्षराच्या अंगाच्या मापात, शिरोरेषेपासून पायापर्यंत असतो. ‘॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥’ मधे दोन्ही दंडांशेजारी न तुटणारी जागा (यू+००ए०) टाका, नाहीतर अरुंद खोक्यावर शेवटचा दंड एकटाच खालच्या ओळीत जातो. पूर्ण जागा फार मोकळी वाटली तर ती निम्म्या आकारात करा.

ऽ म्हणजे अवग्रह, यू+०९३डी. संस्कृतात तो लोपलेला ‘अ’ दाखवतो, मराठीत आपण लांबवलेला सूर दाखवायला वापरतो. आपल्याकडच्या बोलण्यात तो पदोपदी आहे: ‘आलोऽ की’, ‘व्हय गाऽ’. ‘चाखून तर बघाऽ!’ ला तोच शोभतो, आणि एकच ठेवा, तीन नको. इंग्रजी एस टाकला तर तो शिरोरेषेला धरत नाही, जाडी जुळत नाही आणि मोबाइल वाचून दाखवताना ‘बघा एस’ म्हणतो. अवग्रहाचं तोंड शिरोरेषेच्या उंचीला येतंय का, ते तपासा. तसंच विसर्गाचं: ‘दुःख’मधे अपूर्णविराम टाकतात. तिथं यू+०९०३ हवा.

खोक्याच्या दोन मजकुरांच्या मधे काही नक्षी हवी असेल तर जुन्या पोथ्यांकडे बघा. प्रकरण संपलं की ‘॥छ॥’ लिहीत, आणि फुलासारखी पुष्पिका काढत. पुष्पिकेला युनिकोडमध्ये २००९पासून जागा आहे, यू+ए८एफ८. त्याच गटात ए८एफ९ म्हणजे ओळ भरून काढायची खूण आणि ए८एफए म्हणजे हंसपद, गळलेलं अक्षर वर लिहिताना खाली काढायची ती. फार थोड्या फॉन्टांत हे आकार असतात, तेव्हा पुष्पिका टाइप न करता हातानं काढून चित्र म्हणून ठेवलेली बरी. फॉन्ट बदलला की टाइप केलेलीच्या जागी चौकोन येतो.

मोडीत ‘गूळ’ लिहायचा विचार असेल तर आधी सबंध रेघ ओढून मग त्याखाली अक्षरं लटकवतात, आणि उकार बहुधा ह्रस्वच लिहितात. देवनागरीत मात्र गूळ दीर्घ, पण ‘गुळाचा रवा’ ह्रस्व. खोक्यावर हे दोन्ही येणार असतील तर लक्ष ठेवा.

---

जुळारी

खोक्याबद्दल राहिलेलं. तपकिरी पुठ्ठ्यावर शाई पसरते. ऱ् आणि ह यांच्यातली लहान फट सगळ्यात आधी भरते आणि मग ‘गुहाळ’ दिसतं. कुठलीही रेघ एक पॉइंटपेक्षा बारीक नको. रंगात पांढरी अक्षरं सोडणार असाल तर दोन पॉइंट. फट किमान एक मिलिमीटर ठेवा, लागली तर ऱ्ची रेघ हातानं थोडी वर सरकवा. मजकुराच्या ओळींना अक्षराच्या मापाच्या दीडपट अंतर द्या, म्हणजे १२ पॉइंटला १८, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

छपाईला पीडीएफ कर्व्ह करून द्या, पण मजकूर जिवंत असलेली फाइल स्वतःकडे ठेवा. पुढच्या हंगामात किंमत बदलेल तेव्हा तीच लागते. आणि मंजुरी देण्याआधी खऱ्या मापाचा नमुना त्याच पुठ्ठ्यावर मागा, पडद्यावर नको. तो हातभर लांबून धरा, ऱ्ह वाचता येतोय का बघा, मग सही करा.