मदत हवी आहे: होडीवरची बॅटरी भरतच नाही

होडीवाला: शिडाच्या होडीवर सोलर आहे. दिवसभर कडक ऊन, तरी सकाळी बॅटरी १२.१ व्होल्टच. दुपारी कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीत जाणारा चार्ज सांभाळणारा डबा) १४.४ दाखवतो, हिरवा दिवाही लागतो. पॅनल नवीन आहे, त्याबद्दल विचारू नका. काय बदलू? पुढच्या आठवड्यात निघायचंय.

नांगर: बॅटरी कुठली, किती एएच (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता)? पॅनल किती वॅट? रात्री काय चालू असतं?

खारेवारे: लिथियम टाका आणि मोकळे व्हा. मी टाकली, सगळी कटकट संपली.

अँपिअर: @खारेवारे चार्ज पोचतच नसेल तर लिथियम तरी काय करणार?

खारेवारे: लेड-अॅसिडवर पैसे घालणं चूकच.

होडीवाला: बॅटरी १०० एएच एजीएम (सीलबंद लेड-अॅसिड), पॅनल १०० वॅट, कंट्रोलर पीडब्ल्यूएम (साध्या प्रकारचा). रात्री फक्त एलईडी अँकर लाइट. फ्रीज नाही.

दर्याराजा: पॅनलवर बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली येते का? थोड्या सावलीनेही करंट निम्म्यावर येतो. मी तर छोटी पवनचक्कीच लावली, रात्रीही चालते.

अँपिअर: कंट्रोलर बॅटरीपासून किती लांब?

होडीवाला: कंट्रोलर मागे, बॅटरी पुढच्या बंकखाली. सहा मीटर, २.५ चौ. मिमी ची वायर. त्याचा काय संबंध?

अँपिअर: सगळा संबंध तिथेच आहे. १४.४ हे कंट्रोलरच्या टर्मिनलवरचं. ऊन असताना बॅटरीच्या पोलवर मीटर लावा.

होडीवाला: पोलवर १३.१.

अँपिअर: म्हणजे १.३ व्होल्ट वाटेत जातोय. जाऊन-येऊन १२ मीटर वायर, ४ अँपिअरला त्यात ०.३५ च्या आसपास जाणार. उरलेला एखाद्या जोडात. कंट्रोलरला वाटतं बॅटरी भरत आली, म्हणून तो करंट आवळतो. चार्ज चालू असताना मीटरची एक पिन जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे लावा. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्टच दिसतील. निगेटिव्हची बाजूही तपासा.

होडीवाला: फ्यूज होल्डरवर ०.९! क्लिप हिरवी पडलीय, प्लास्टिक एका कोपऱ्यात वितळलंय. घासून चालेल?

नांगर: अजिबात नाही. सीलबंद होल्डर घ्या, बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. वायरही टिन्ड (कथिल चढवलेली) आणि जाड टाका, ६ चौ. मिमी ची. आधी पॅनल सोडवा, मग बॅटरी. जोडताना उलट, बॅटरी आधी.

दर्याराजा: पॅनल गोड्या पाण्याने धुता ना? मिठाचा थर बसतो.

होडीवाला: फ्यूज किती अँपिअरचा?

अँपिअर: १५ चा पुरे.

खारेवारे: लिथियम घेतलीत तर फ्यूज वेगळा लागेल, आत्ताच ठरवा.