मदत हवी आहे: मस्की मागे मागे येतो पण ल्यूर घेत नाही

उत्तरवारा:
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे, शनिवारी परत जायचंय त्यामुळे लवकर सांगा. मस्की (पाईकच्या घराण्यातला गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) ल्यूरच्या, म्हणजे खोट्या आमिषाच्या, मागे येतो, अगदी रॉडच्या टोकापर्यंत येतो, क्षणभर थांबून बघतो आणि शांतपणे खाली निघून जातो. अख्खा जुलै हेच चाललंय. बकटेल (केसांचा झुपका आणि फिरती पाती असलेला ल्यूर) वापरतोय, दोन १० नंबरच्या पात्यांचा, काळा-नारिंगी. दुकानात विचारलं तर त्यांनी अजून महागडे ल्यूर गळ्यात मारले, त्यांच्यामागे तर कुणी आलंही नाही. नॉर्दर्न पाईक (मस्कीचा भाऊबंद) लागतात, म्हणजे लीडर (ल्यूरआधीचा, दातांनी न तुटणारा तुकडा), गाठी वगैरे ठीक आहे, त्यावर कृपया नको. यूट्यूब बघून झालंय. कुठला ल्यूर घेऊ तेवढं सांगा.

तळ्याकाठी:
कुठलं तळं? पाणी किती स्वच्छ आहे? किती वाजता जाता? पाण्याचं तापमान? हे काहीच लिहिलं नाहीये, कुठला ल्यूर ते कसं सांगणार. मिनेसोटा धरून चालतोय, कारण मागे तुम्ही मिनियापोलिसच्या गणपतीच्या धाग्यावर होतात.

सिंधुदुर्ग_गरी:
ल्यूर-बिल्यूर सोडा, जिवंत आमिष लावा. आमच्याकडे खाडीत चोणक गरवताना जिवंत कोळंबी लावली की दुसरं काही लागत नाही. भरती सुरू होताना बसा, ओहोटीत वेळ घालवू नका.

तळ्याकाठी:
दादा, ते गोडं तळं आहे, तिथे भरती-ओहोटी नाही. जिवंत सकर (आमिषाचा मासा) लावतात हे खरं, पण ते मुख्यतः ऑक्टोबरात, पाणी थंड झाल्यावर. आणि तेव्हाही क्विक-स्ट्राइक रिग लागतं, म्हणजे माशाने गिळायच्या आत गळ मारता येतो. साधा गळ लावून गिळू दिलात तर मासा सोडला तरी मरतो.

सिंधुदुर्ग_गरी:
भरती नसली तरी माशाची वेळ असतेच की. चंद्रोदय बघा. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजची वेळ दिलेली असते.

विस्कॉन्सिनची_वाट:
चंद्राचं म्हणणं बरोबर आहे, चंद्र उगवताना आणि मावळताना तासभर मस्की चालतात असं इकडचे जुने लोकही मानतात आणि माझाही अनुभव तोच. फक्त आपल्या कॅलेंडरातली वेळ मुंबईची असते, ती मिनेसोटात चालणार नाही, फोनवर बघा. आता मुद्द्याचं. ल्यूर बदलू नका, फिगर एट करा, म्हणजे शेवटी रॉडच्या टोकाने ल्यूर पाण्यात इंग्रजी आठच्या (8) आकारात फिरवा. करता का? धागाकर्त्याने त्याचा उल्लेखच केलेला नाही.

उत्तरवारा:
मिनेटोंका तळं, मिनियापोलिसजवळचं. शनिवार-रविवार दुपारी जातो, सकाळी मुलीचा पोहण्याचा क्लास असतो. पाणी एकदम नितळ, तळ दिसतो. तापमान बघत नाही. फिगर एट करतो पण नीट जमत नाही. ल्यूर कुठला ते अजून कुणी सांगितलं नाही.

रंगारी_५०:
मी सांगतो. रंग चुकतोय. नितळ पाण्यात आणि उन्हात काळा-नारिंगी कशाला? चंदेरी, पांढरा नाहीतर पर्च माशासारखा पट्ट्यांचा घ्या. काळा संध्याकाळी आणि रात्री. माझ्याकडे एकाच आकाराचे सगळे रंग आहेत आणि दर अर्ध्या तासाने बदलतो.

विस्कॉन्सिनची_वाट:
रंगाने एवढा फरक पडत नाही हो. मस्कीच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना छिद्रं असतात, पाईकपेक्षा जास्त, आणि शिवाय अंगावर लॅटरल लाइन, म्हणजे पाण्यातली हालचाल जाणणारी रेघ. पाण्यातली थरथर त्याला कळते, म्हणून तर रात्री मिट्ट काळोखात पात्यांचा बकटेल चालतो.

रंगारी_५०:
रात्री चालतो कारण रात्री दिसत नाही. भर दुपारी नितळ पाण्यात मासा डोळ्यांनीच ठरवतो, जवळ येऊन थांबतो आणि बघतो असं त्यांनीच लिहिलंय. मिनेटोंकात २०१० मध्ये झेब्रा शिंपले सापडले आणि तेव्हापासून पाणी नितळ होत गेलं, आधीचे सल्ले आता तसेच लागू नाहीत.

तळ्याकाठी:
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण मला वेग महत्त्वाचा वाटतो. नितळ पाण्यात ल्यूरला नीट बघायला वेळ दिलात की मासा बघतच बसतो. उन्हाळ्यात बकटेल जोरात ओढा, पृष्ठभागाखाली पाती पाणी उसळवतील इतका जोरात, आणि मध्येच दोन जलद फिरक्या जास्त मारा. मागे येणारा मासा एका लयीत पोहत असतो, ती लय मोडली की तो तोंड मारतो. तेही नाही चाललं तर उलट करा, मोठा रबरी बुलडॉग ल्यूर घ्या, तो ओढा-सोडा, ओढा-सोडा असा खाली पडू द्या. पडताना मासे तोंड मारतात. पण आधी तापमान. तापमान न बघता मस्कीला जाऊच नका, ऑगस्ट तोंडावर आहे.

उत्तरवारा:
तापमानाने काय होतं? गरम पाण्यात मासे जास्त भुकेले असतात ना?

तळ्याकाठी:
भूक असते, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि एवढा मोठा मासा झुंज देऊन दमला की सावरत नाही. पोहत निघून जातो आणि पुढच्या दिवशी मरतो, तुम्हाला कळतही नाही. ८० फॅरेनहाइट, म्हणजे साधारण २७ सेल्सिअस, त्याच्या वर पाणी गेलं की बहुतेक मस्कीवाले रॉड ठेवून देतात. आठ-दहा डॉलरचा तरंगता थर्मामीटर मिळतो.

रंगारी_५०:
७८ ला जाळ्यात दहा मिनिटं ठेवून फोटो काढणारे मी बघितलेत आणि ८१ ला पाण्याबाहेर न काढता सोडणारेही. नुसत्या आकड्यावर अडू नका, हाताळणी बघा.

तळ्याकाठी:
हाताळणी कितीही चांगली असो, ८१ ला गळ टाकायचाच कशाला? जूनमध्ये सीझन उघडल्यापासून बर्फ होईपर्यंत अख्खं वर्ष पडलंय. १२-१५ वर्षं वाढलेला मासा एका दुपारीसाठी मारायचा हे मला पटत नाही, आणि याबाबतीत मी मागे हटणार नाही.

सुगरण_मेधा:
इतका खटाटोप करून मिळाला तर खायला कसा लागतो? काटे फार असतात का? आंबट-तिखट होईल का?

विस्कॉन्सिनची_वाट:
ताई, मस्की शक्यतो खात नाहीत. मिनेसोटात ठेवायचा झाला तर ५४ इंच तरी लागतो, म्हणजे बहुतेक सगळे सोडलेच जातात, आणि मोठ्या म्हाताऱ्या शिकारी माशात पारा साठलेला असतो. खायचा तर वॉलाय (इकडचा गोड्या पाण्यातला मासा) घ्या, काटे काढलेली फिलेट मिळते, रवा लावून तळा, सुरमईची आठवण येणार नाही पण चांगला लागतो.

पुणेरी_निरीक्षक:
मस्की म्हणजे आपला महासीरच ना? लोणावळ्याला वळवणला टाटा पॉवरवाले महासीरची पिल्लं तयार करतात, तिथे विचारून बघा.

तळ्याकाठी:
नाही, महासीर कार्पच्या घराण्यातला, मस्की पाईकच्या. वळवणचं काम फार मोलाचं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

विस्कॉन्सिनची_वाट:
फिगर एटकडे परत येतो कारण उत्तर तिथेच आहे. ल्यूर आणि रॉडचं टोक यात फूट-दीड फूट राहिलं की थांबायचं नाही, टोक पाण्यात घालायचं, गुडघाभर खोल, अंगठा दोऱ्याच्या स्पूलवर, आणि मोठा वाकडा आठ काढायचा. वळण मोठं हवं, चार फुटांचा मासा छोट्या वळणात वळू शकत नाही, तो बाहेर फेकला जातो आणि निघून जातो. वळणावर वेग वाढवा, वळून बाहेर येताना ल्यूर थोडा वर उचला, तिथेच तोंड मारतात. मासा दिसो न दिसो, प्रत्येक कास्टला (फेकीला) करा, कारण खोल आलेला मासा तुम्हाला दिसतच नाही. आणि बोटीत पुढच्या टोकाला उभे राहा, साडेआठ-नऊ फुटी रॉड घ्या.

उत्तरवारा:
बोट नाहीये, कयाक आहे. बसूनच करतो. रॉड सात फुटी.

विस्कॉन्सिनची_वाट:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं हो. आमचे अर्धे सल्ले बोटीचे, ते फुकट गेले.

कयाकवाला_डुलुथ:
मग मी सांगतो. सात फुटी रॉडने बसून पूर्ण आठ होत नाही, वळण आखडतं आणि ल्यूर कयाकच्या पोटाला जाऊन लागतो. पूर्ण आठ सोडा, एका बाजूला लांबट गोल काढा, पुढून मागे, आणि शेवटी एकदा ९० अंशात बाहेर वळवा. आठ फुटी रॉड घ्या, नवीन ल्यूरचे पैसे तिकडे घाला. दोन १० नंबरच्या पात्यांचा बकटेल बसून ओढायला जड, त्यामुळे तुम्ही शेवटी नकळत हळू होता, ८ नंबरच्या पात्यांचा घ्या, वेग टिकेल. शनिवारी दुपारी मिनेटोंकात वेकबोटींच्या लाटा असतात, तेव्हा मुख्य पात्रात नको, पहाटे पाचला आत शिरा, कॅबेज नावाच्या पाणगवताची बाहेरची कड धरा, नऊच्या आत क्लासला पोचाल. लाइफ जॅकेट अंगात, मोठं जाळं, लांब पक्कड आणि गळ कापायचा कटर हाताशी. मांडीवर तीन-तीन काट्यांचे गळ लागलेला जिवंत मस्की म्हणजे थेट हॉस्पिटल. मासा जाळ्यात पाण्यातच ठेवा, गळ तिथेच कापा.

सिंधुदुर्ग_गरी:
कयाकवर एकट्याने जाऊ नका. बाकी सगळं नंतर.

उत्तरवारा:
सर्वांचे आभार. शनिवारी पहाटे मित्राला घेऊन गेलो, पाणी ७६ होतं. ८ नंबरचा बकटेल, मित्राचा आठ फुटी रॉड. दोन मासे मागे आले. दुसऱ्याने गोलाच्या बाहेरच्या वळणावर तोंड मारलं, रॉड पार पाण्यात वाकला, एक डोकं हलवलं आणि सुटला. आता हे का झालं?

रंगारी_५०:
रंग कुठला होता?

उत्तरवारा:
चंदेरी.

कयाकवाला_डुलुथ:
गळ डब्यातून काढला तसाच वापरला का? अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून ओढा, घसरलं तर बोथट आहे, रुतलं तर ठीक. मस्कीचं तोंड हाडाळ असतं, फाइलने धार लावल्याशिवाय जात नाही. आणि माशाने तोंड मारल्यावर रॉड वर उचललात की माशाच्या उलट दिशेला आडवा ओढलात?