मदत हवी आहे: लॉगलेव्हल या जावास्क्रिप्ट लॉगिंग लायब्ररीत कोडमधला मूळ ओळ क्रमांक कसा टिकवायचा?

देवगडच्या हापूस बागायतदारांसाठी पेट्यांच्या नोंदीचं वेब ॲप सांभाळतो. बागेत रेंज गेली की नेमकी तेव्हाच नोंद अडकते आणि त्यांच्या फोनचा कन्सोल (ब्राउझरमध्ये लॉगचे मेसेज दिसतात ती जागा) मला दिसत नाही. म्हणून लॉगलेव्हलची मेथडफॅक्टरी (लॉग लिहिणारी फंक्शन्स बनवणारं फंक्शन) बदलून वॉर्न आणि एररचे मेसेज इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्याच डेटाबेसमध्ये साठवतो, रेंज आली की सर्व्हरला पाठवतो. हा बदल लागू व्हावा म्हणून त्यानंतर सेटलेव्हलही पुन्हा कॉल केलंय. साठवणं उत्तम चालतं. पण कन्सोलमध्ये आता प्रत्येक मेसेजपुढे रॅपरचीच (मूळ लॉग फंक्शनभोवती मी गुंडाळलेल्या फंक्शनची) फाइल आणि ओळ दिसते. मूळ ओळ दिसणं हेच तर या लायब्ररीचं खरं सुख! एररचा स्टॅक (कॉल कुठून कुठून आला त्याची यादी) फोडून पाहिला, पण क्रोम आणि सफारीत त्याची मांडणी वेगळी येते. फोन जुने आहेत, त्यामुळे जड लायब्ररी किंवा पैसे भरून घ्यायची सेवा नको. मेसेज साठवूनही कन्सोलमध्ये मूळ ओळ दिसेल असं रॅपर कुणी लिहिलंय का?